आधी रोड शिका, मग एफएमसी

मी वैमानिक नाही. भुसावळ डिव्हिजनला मालगाडीवर असिस्टंट म्हणून लागलो, मेल-एक्स्प्रेसचा लोको पायलट म्हणून निवृत्त झालो. विमानात आयुष्यात चारदा बसलो आणि चारही वेळा खिडकीची जागा मागून घेतली. तरी आज बोइंग 737-800 ची एफएमसी, म्हणजे विमानाला मार्ग, उंची, वेग सांगणारा फ्लाइट मॅनेजमेंट कॉम्प्युटर, कशी भरायची हे लिहायला बसलोय. कारण एवढंच की माझ्या भाचीला ती शिकायची होती आणि तिच्यासमोर बसायला घरात माझ्याइतका रिकामा माणूस दुसरा नव्हता.

पोरीने खान्देशातल्याच एका धावपट्टीवर छोट्या विमानावर तास भरले, कमर्शियल लायसन्स हातात आलं. पुढे मोठ्या विमानाचं टाइप रेटिंग, म्हणजे त्या एका जातीचं विमान चालवायचा परवाना. त्याच्या आधीचे तीन महिने ती आमच्याकडे होती. मधल्या खोलीत कॉम्प्युटर मांडला, सिम्युलेटर टाकला आणि म्हणाली, "मामा, तुम्ही फक्त शेजारी बसा. मी जे दाबीन ते का दाबलं ते विचारा." पहिल्या आठवड्यात मला काही कळलं नाही. दुसऱ्या आठवड्यात वाटलं, अरे, हे तर आपलंच काम आहे.

रेल्वेत नव्या सेक्शनवर गाडी एकदम हातात देत नाहीत. आधी रोड लर्निंग. जाणकार ड्रायव्हरच्या मागे उभं राहून दिवसाच्या, रात्रीच्या फेऱ्या मारायच्या; सिग्नल कुठल्या वळणाआड लपतो, चढ कुठे सुरू होतो, पाचोऱ्याच्या पुढे काय, नांदगावच्या अलीकडे काय, हे डोळ्यांत बसवायचं. मग सही करायची की मला हा रोड माहीत आहे. एफएमसी शिकणारे बहुतेक जण उलटं करतात. व्हिडिओ लावतात, तो जे बटण दाबतो तेच दाबतात, विमान उडतं, आणि दुसऱ्या दिवशी मार्ग बदलला की हात थांबतात. बटणं पाठ झालेली असतात, रोड झालेला नसतो.

म्हणून माझी पहिली सूचना. तीन दिवस काहीही भरू नका. भरलेली एफएमसी घ्या, उडतं विमान घ्या आणि फक्त तिच्या पडद्यावरची पानं उलटत बसा. हा आकडा कुठून आला, हे स्वतःलाच विचारा.

यंत्र काय आहे

दोन वैमानिकांच्या मध्ये खाली दोन छोटे पडदे आणि त्याखाली कळा असतात, त्याला सीडीयू म्हणतात. खरा कॉम्प्युटर वेगळ्या कप्प्यात असतो. आपल्या हाताशी असते ती त्याची खिडकी. पडद्यावर चौदा ओळी, ओळीत चोवीस अक्षरं. दोन्ही बाजूंना सहा-सहा कळा. डावीकडची पहिली 'वन लेफ्ट', उजवीकडची शेवटची 'सिक्स राइट'. सगळ्यात खालची ओळ म्हणजे स्क्रॅचपॅड. जे टाइप कराल ते आधी तिथे उमटतं, मग ज्या ओळीशेजारची कळ दाबाल त्या ओळीत जाऊन बसतं. आमच्या कंट्रोलरच्या टेबलावर खडूची पाटी असायची, तसंच. आधी पाटीवर, मग रजिस्टरात.

दोन खुणा ओळखायला शिका. चौकटी चौकटी दिसल्या तर ते भरल्याशिवाय गत्यंतर नाही. नुसत्या आडव्या रेघा असल्या तर भरलं तर चांगलं, नाही भरलं तरी अडत नाही.

तिसरी गोष्ट भाचीने पहिल्या दिवशी सांगितली आणि मी वहीत लाल शाईने लिहिली. सिक्स राइट तुम्हाला बहुतेक वेळा पुढच्या पानावर नेते. पानांची नावं अशी: आयडेंट, पॉझ इनिट, रूट, परफ इनिट, एन-वन लिमिट, टेकऑफ. सगळी तयारी ह्या ओळीने होते आणि यंत्र स्वतःच पुढचं दार दाखवतं. हरवलात की सिक्स राइटला काय लिहिलंय ते बघा.

आणि एक्झेक नावाची कळ. मार्गात बदल केला की तिच्यावरचा दिवा लागतो, म्हणजे बदल मांडलाय पण लागू झालेला नाही. दाबली की लागू. ह्या कळेबद्दल पुढे बोलतो.

सिम्युलेटर कुठला घ्यावा? फ्लाइटगिअर पूर्ण फुकट आहे. एक्स-प्लेनमध्ये 737-800 सोबतच येतं आणि त्याची एफएमसी शिकण्यापुरती भरपूर आहे. मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरसाठी जी विकतची 737 मिळतात ती जास्त बारकाव्याची. पण सुरुवातीलाच पैसे घालू नका. मार्गाचा कागद मात्र हवाच; सिमब्रीफवर तो फुकट तयार होतो. तो छापून घ्या. मोबाइलवर नको, कागदावर. आकड्यापुढे पेन्सिलीने टिक मारता आली पाहिजे.

आपण मुंबई ते नागपूर घेऊ. अंतर सुमारे 370 नॉटिकल मैल, मार्गात आपलं संभाजीनगर अगदी रेषेवर येतं, आणि आकाशातून जळगाव-भुसावळ डाव्या हाताला राहतं. त्यामुळे मला जास्त आवडतं, एवढंच कारण.

आयडेंट आणि जागा

आयडेंट पानावर तीन गोष्टी बघा: विमान 737-800च आहे ना, इंजिनाचा दर्जा बरोबर आहे ना, आणि नॅव्हिगेशनच्या माहितीची तारीख. ही माहिती जगभर दर 28 दिवसांनी नवी होते. सिम्युलेटरमध्ये ती बहुधा जुनी असते. चालतं, फक्त कागदही त्याच काळाचा असू द्या, नाहीतर कागदावरचा मार्गातला एखादा बिंदू यंत्राला सापडणार नाही आणि तुम्ही स्वतःलाच दोष देत बसाल.

मग पॉझ इनिट. विमानाला आपण कुठे उभे आहोत हे सांगायचं. विमानातली जडत्वाची यंत्रं, आयआरएस, जागेवर स्थिर उभी राहून स्वतःला जुळवून घेतात. अक्षांशाप्रमाणे त्याला पाच ते सतरा मिनिटं लागतात आणि त्या वेळात विमान हलता कामा नये. रेफ एअरपोर्टच्या ओळीत मुंबईचा चार अक्षरी कोड, व्हीएबीबी, टाका. त्याखाली गेटचा नंबर. समोर अक्षांश-रेखांश येतात. त्या ओळीची कळ दाबली की आकडे खाली पाटीवर येतात, मग फोर राइटला चौकटींमध्ये ठेवा. हाताने आकडे टाइप करू नका. जे यंत्राकडे आधीच आहे ते त्याच्याकडूनच उचला.

हाताने टाइप करायचीच वेळ आली, तर रेखांशाला तीन अंक लागतात हे विसरू नका. आपलं जळगाव 75 अंश पूर्वेला, म्हणजे टाकायचं 075. हे शून्य मला सुरुवातीला फुकटचं वाटायचं. मग भाचीने 10 मार्च 2015 ची सिडनीची हकिगत सांगितली. एअरएशिया एक्सचं ए330, सिडनीहून क्वालालंपूरला निघालेलं. रेखांश भरायचा होता 151 अंश 9.8 मिनिटं, भरला गेला 15 अंश 19.8 मिनिटं. विमानाच्या मते ते उभं होतं आफ्रिकेच्या टोकाला, 11,000 किलोमीटरहून जास्त लांब. उडाल्यावर पडदे गोंधळले, इशारे सुरू झाले, सिडनीला ढग असल्यामुळे परतता आलं नाही आणि शेवटी मेलबर्नला उतरावं लागलं. सगळे सुखरूप. पण इशारे उड्डाणाच्या आधीपासूनच येत होते.

मार्ग भरणं

रूटच्या पहिल्या पानावर वन लेफ्टला व्हीएबीबी, वन राइटला नागपूरचा व्हीएएनपी. विमानाचा फ्लाइट नंबर टाका किंवा टाकू नका. मग नेक्स्ट पेज. इथे डावीकडे 'व्हाया' आणि उजवीकडे 'टू' असतं. व्हाया म्हणजे कुठल्या रस्त्याने, टू म्हणजे कुठपर्यंत. कागदावर रस्त्याचं नाव असेल तर ते डावीकडे, त्या रस्त्यावरून जिथे उतरायचं तो बिंदू उजवीकडे. पहिल्या सरावाला रस्तेच नकोत. नुसता उजवीकडे संभाजीनगरच्या रेडिओ केंद्राचा कोड एएयू टाका. यंत्र डावीकडे स्वतःच डायरेक्ट लिहील. आता अ‍ॅक्टिव्हेट दाबा. एक्झेकचा दिवा लागेल.

थांबा. इथेच माझी आणि भाचीची सगळ्यात जास्त भांडणं झाली.

रेल्वेत सिग्नल दिसला की असिस्टंट मोठ्याने सांगतो, "पिवळा!" आणि ड्रायव्हर परत म्हणतो, "पिवळा!" दोघांनाही दिसतोय, मग ओरडायचं कशाला, असं नव्या पोरांना वाटतं. डोळ्याला दिसलेलं आणि तोंडाने म्हटलेलं ह्यात फरक आहे. तोंडाने म्हणताना माणूस खरंच बघतो. भाची एक्झेक झटकन दाबायची. मी म्हटलं, पोरी, आधी वाचून दाखव. मुंबई, एएयू, नागपूर. मी कागदावर बोट ठेवून म्हणणार, मुंबई, एएयू, नागपूर. मग दाब. ती म्हणाली, "मामा, खऱ्या कॉकपिटमध्येही असंच आहे, एक भरतो, दुसरा तपासतो." म्हटलं, मग इथे का विसरतेस? एकटे शिकत असाल तर घरातल्या कुणालाही कागद धरून बसवा. आमच्या हिला विमानातलं ओ की ठो कळत नाही, पण वांगी भाजता भाजता तिने दोनदा माझी चूक पकडली. अक्षरं जुळवायला वैमानिक लागत नाही.

नंतर डिप-अरायव्हलचं पान. आधी धावपट्टी निवडा, समजा 27. मग निघण्याची ठरलेली वाट, एसआयडी. नागपूरला तसंच उतरण्याची वाट आणि अप्रोच, म्हणजे धावपट्टीपर्यंतचा शेवटचा टप्पा. हे सगळं कागदावर असतं, इथे वेळ घालवत नाही. परत एक्झेक, परत वाचून.

लेग्ज: इथे बसून राहा

एफएमसीत कुठलं एक पान मनापासून शिकायचं असेल तर ते लेग्ज. ही तुमची वर्किंग टाइमटेबल. एकाखाली एक बिंदू, त्यांच्यामधलं अंतर, दिशा, आणि उजवीकडे कुठे किती वेग, किती उंची. आम्हाला ड्यूटीवर चढताना कॉशन ऑर्डर मिळायची: ह्या किलोमीटरपासून त्या किलोमीटरपर्यंत ताशी तीस. लेग्जच्या उजव्या बाजूला तेच असतं. आकड्यामागे ए असेल तर त्या उंचीवर किंवा वर, बी असेल तर त्या उंचीवर किंवा खाली, काहीच नसेल तर नेमकी तीच उंची. वेग आणि उंची दोन्ही द्यायचे तर मध्ये तिरकी रेघ. नुसती उंची द्यायची तर आधी रेघ, मग आकडा. ठळक मोठ्या अक्षरातला आकडा म्हणजे बंधन. लहान अक्षरातला म्हणजे यंत्राचा स्वतःचा अंदाज. हा फरक मला दहा दिवस कळला नव्हता, आणि मी यंत्राच्या अंदाजालाच हुकूम समजत होतो.

आता फाटे. एक वाट संपली आणि दुसरी जोडली गेली नाही तर मध्ये चौकटी येतात आणि वर लिहिलेलं असतं रूट डिसकन्टिन्युइटी. रूळ तुटला. यंत्राला पुढे कुठे जायचं हे माहीत नाही. जोडायचं असेल तर चौकटींच्या खालचा बिंदू दाबून पाटीवर घ्या आणि चौकटींच्या ओळीत टाका. सोपं आहे. पण दिसलेला प्रत्येक फाटा डोळे मिटून जोडू नका. काही वाटा मुद्दाम तिथे संपतात, कारण पुढची दिशा कंट्रोलर सांगणार असतो.

माझा एकदा फाटा जोडायचा राहिला. मुंबईच्या 27 धावपट्टीवरून उडालं की विमान समुद्राकडे तोंड करून वर जातं. ऑटोपायलट लावला, सगळं छान चाललंय असं बघून मी जेवायला गेलो. कळण्याची भाकरी आणि ठेचा होता, जरा रमलो. परत आलो तर विमान अरबी समुद्रावर, नाकासमोर सरळ, ओमानच्या दिशेने. फाटा आला तेव्हा एलएनएव्ही, म्हणजे विमानाला भरलेल्या मार्गावर धरून ठेवणारी सोय, सुटली होती आणि विमान होतं त्याच दिशेला चालत राहिलं होतं. शेजारचा पोरगा आला, बघून म्हणाला, "आबा, नागपूरले जाऊ राह्यले का दुबईले?" अजून गल्लीत विचारतात.

दुसरा धोका जास्त खोल आहे. जगात एकाच नावाचे अनेक बिंदू आहेत. नाव टाकलं की कधीकधी यंत्र यादी दाखवतं आणि विचारतं, ह्यातला कुठला? शेजारी अक्षांश-रेखांश असतात. ते वाचल्याशिवाय वरचा पहिला निवडू नका. 20 डिसेंबर 1995 ला अमेरिकन एअरलाइन्सचं 757 कोलंबियातल्या काली शहराकडे रात्री उतरत होतं. वैमानिकांना रोझो नावाच्या बीकनकडे, म्हणजे वाट दाखवणाऱ्या रेडिओ केंद्राकडे, जायचं होतं. नकाशावर त्याची खूण नुसतं आर हे अक्षर. यंत्रात आर टाकलं, वरचा पर्याय घेतला, एक्झेक केलं. यंत्राच्या माहितीत ते आर बोगोताजवळच्या रोमिओ नावाच्या दुसऱ्याच बीकनचं होतं. रोझो पूर्ण नावाने टाकावं लागत होतं. विमान अंधारात डावीकडे, डोंगरांकडे वळलं. लक्षात येऊन परत वळेपर्यंत उशीर झाला होता. 159 माणसं गेली.

म्हणून लेग्ज भरून झालं की नकाशाचा पडदा प्लॅनवर, म्हणजे सगळा मार्ग दिसेल अशा मांडणीवर, ठेवा आणि स्टेपची कळ दाबत एकेक बिंदू बघत जा. वाट अचानक काटकोनात कुठे पळाली का? सुईसारखा लांब दात कुठे बाहेर आला का? मग एकूण अंतर कागदाशी पडताळा. 370 च्या आसपास पाहिजे आणि 900 दिसतंय, तर नक्की कुठलातरी बिंदू दुसऱ्या देशात जाऊन बसलाय.

वजन, इंधन आणि केळीचा ट्रक

परफ इनिट. इथे सावद्याच्या केळीच्या ट्रकवरून समजून घ्या. काट्यावर रिकामा ट्रक, अधिक केळी, अधिक ड्रायव्हर-क्लीनर, पण टाकीत डिझेल नाही असं धरा: हे झालं झेडएफडब्ल्यू, बिनइंधनाचं वजन. त्यात डिझेल मिळवलं की जीडब्ल्यू, एकूण वजन. पानावर सगळ्यात वर चौकटी असतात त्या जीडब्ल्यूच्या. नवा माणूस पहिली मोकळी चौकट बघतो आणि हातातला आकडा तिथेच टाकतो. मीही टाकला. झेडएफडब्ल्यू 58.0 टन, इंधन 7.0 टन, एकूण व्हायला हवं 65.0. मी वरच्या ओळीत 58.0 भरलं. यंत्राने निमूटपणे ठरवलं की बिनइंधनाचं विमान 51 टनांचं आहे. टेकऑफचे वेग सात-आठ नॉट कमी आले, नाक लवकर उचललं आणि विमान धावपट्टीवर शेपूट टेकवण्याच्या बेतात आलं.

नियम असा: जीडब्ल्यूला हात लावू नका. तिसऱ्या ओळीत झेडएफडब्ल्यू टाका आणि जीडब्ल्यू किती आलं ते कागदाशी मिळवा. बेरीज यंत्राला करू द्या, तपासणी तुम्ही करा.

एकक कुठलं तेही बघा, किलो की पाउंड. 23 जुलै 1983 ला एअर कॅनडाच्या 767 वर इंधनाचे काटे बंद होते. लागणार होतं 22,300 किलो. लिटरचं वजन करताना पाउंडाचा गुणक वापरला गेला, त्यामुळे टाकीत भरलं गेलं 22,300 पाउंड, निम्म्याहून कमी. एफएमसीला मात्र 22,300 किलोच सांगितलं, आणि ते त्यातून वजा करत करत शिल्लक दाखवत राहिलं. 41,000 फुटांवर असताना इंधन संपलं आणि दोन्ही इंजिनं पाठोपाठ बंद पडली. कप्तानाला ग्लायडर येत होतं म्हणून ते विमान गिमली नावाच्या जुन्या हवाई तळावर उतरलं, कुणी दगावलं नाही.

बाकीचं भराभर. रिझर्व्ह, म्हणजे राखीव इंधन, 2.6 टन. क्रूझ उंची 330, म्हणजे 33,000 फूट. पूर्वेकडे जाताना विषम, पश्चिमेकडे सम, अप आणि डाऊन लाइनसारखं. ट्रान्झिशन अल्टिट्यूड, म्हणजे जिच्या वर गेल्यावर उंचीमापक सगळ्यांसाठी ठरलेल्या एकाच दाबावर लावतात ती उंची. तिच्यात यंत्राने अमेरिकेचे 18,000 धरलेले असतात. आपल्याकडचा आकडा त्याहून पुष्कळ खाली असतो, विमानतळाच्या नकाशावर बघून टाका. कॉस्ट इंडेक्स म्हणजे वेळ महाग की इंधन महाग ह्याचं एका आकड्यात दिलेलं उत्तर. 737 वर शून्य ते 500. शून्य टाकलं तर विमान डिझेल वाचवत रमतगमत जातं. वाढवत नेलं तर लेट भरून काढणाऱ्या ड्रायव्हरसारखं पळतं. शिकताना 20 ठेवा. पण एकदा हवेत असताना 20 चे 200 करून क्रूझच्या पानावरचा वेग आणि पोहोचताना उरणारं इंधन कसं बदलतं ते बघा. अशा छेडछाडीतून जितकं शिकायला मिळतं तितकं कुठल्याही पुस्तकातून नाही.

भुसावळचा मे महिना

एन-वन लिमिटच्या, म्हणजे इंजिनाच्या जोराची मर्यादा ठरवण्याच्या, पानावर एक गंमत आहे आणि ती समजली तेव्हा मी एकटाच हसलो. हवा जितकी गरम तितकी विरळ, आणि तितका इंजिनाचा जोर कमी. धावपट्टी लांब आणि वजन कमी असेल तर पूर्ण जोर लावून इंजिन कशाला झिजवायचं? म्हणून वैमानिक इंजिनाशी खोटं बोलतात. बाहेर मुंबईत 28 अंश असताना सांगतात की 46 आहे. इंजिन समजतं आपण मे महिन्यातल्या भुसावळला उभे आहोत, आणि बेतानेच जोर काढतं. ह्याला अझ्यूम्ड टेम्परेचर म्हणतात. किती खोटं चालेल ते वजन, धावपट्टी, वारा ह्यांच्या हिशोबातून येतं. मनाला येईल ते टाकू नका. आणि खरं तापमानच 46 असेल तर खोटं बोलायला जागाच उरत नाही, हेही ध्यानात ठेवा.

पुढचं पान टेकऑफ रेफ. फ्लॅप 5, गुरुत्वमध्य भरा, ट्रिमचा, म्हणजे शेपटीचा पंख किती कलता ठेवायचा त्याचा, आकडा येईल. व्ही-वन (ह्यापुढे टेकऑफ सोडायचा नाही), व्ही-आर (नाक उचलायचं) आणि व्ही-टू (सुरक्षित चढायचं) हे तीन वेग यंत्र सुचवतं. एकेक कळ दाबून स्वीकारायचे, आणि स्वीकारताना मोठ्याने म्हणायचे. सगळं नीट असेल तर प्री-फ्लाइट कम्प्लीट दिसतं. ह्याचा अर्थ चौकटी भरल्या गेल्या, एवढाच. बरोबर भरल्या असं यंत्र कुठेही म्हणत नाही.

उतरताना

वर चढणं आणि सरळ जाणं एलएनएव्ही आणि तिची उंची-वेग बघणारी जोडीदार व्हीएनएव्ही सांभाळतात, तेव्हा प्रोग्रेसचं पान उघडून दर बिंदूला इंधन कागदाशी मिळवत जा. खरी परीक्षा उतरण्याची. भरलेली मालगाडी सिग्नलच्या तोंडाशी ब्रेक लावून थांबत नाही, तसंच विमान. एफएमसी एक जागा काढते, टॉप ऑफ डिसेंट, जिथून खाली सुटायचं. तिच्यावर विसंबायच्या आधी बोटांवर हिशोब करा: दर हजार फुटाला तीन नॉटिकल मैल. 33,000 फुटांवरून नागपूरच्या सुमारे हजार फुटांपर्यंत 32,000 फूट, म्हणजे 96 मैल, वर वेग कमी करायला दहा. यंत्राने 105 च्या आसपास दाखवलं तर ठीक. 60 दाखवलं तर लेग्जमध्ये कुठेतरी उंचीचं बंधन पुसलं गेलंय.

नवशिक्यांची ठरलेली फजिती अशी: जागा येते, जाते, आणि विमान खाली येतच नाही. कारण समोरच्या पॅनलवर उंचीची जी खिडकी असते तिच्यात अजून 33,000 च आहेत. व्हीएनएव्ही त्या आकड्याच्या पलीकडे कधीच जात नाही. आमच्या भाषेत, स्टार्टर, म्हणजे गाडी सुटण्याचा सिग्नल, लाल आहे. जागा यायच्या थोडं आधी तिथे खालची उंची लावून ठेवा. विसरलात तर सीडीयूवर रीसेट एमसीपी अल्ट, म्हणजे त्या खिडकीतली उंची बदला, असा संदेश येतो.

चूक लपवण्याचा खेळ

दहा-बारा फेऱ्या झाल्या की आम्ही एक खेळ काढला. एकाने एफएमसी पूर्ण भरायची आणि त्यात मुद्दाम एकच चूक पेरायची. दुसऱ्याने कागद घेऊन ती शोधायची. मी फाटे सोडायचो, ती रेखांश फिरवायची. शिकण्याचा ह्याहून स्वस्त मार्ग मला माहीत नाही, फक्त दोघंही थोडे खवचट हवेत.

ती परत जायच्या आदल्या रात्री मला चाळीस मिनिटं चूक सापडली नाही. मार्ग तपासला, वजन तपासलं, प्लॅनवर एकेक बिंदू बघितला, अंतर मोजलं. शेवटी तिनेच बोट ठेवलं. रिझर्व्हच्या ओळीत 2.6 च्या जागी 26.0. मी म्हटलं, एवढी ढोबळ चूक, यंत्राने काहीच कसं सांगितलं नाही? ती म्हणाली, "सांगितलं होतं, मामा. यूझिंग रिझर्व्ह फ्यूएल म्हणून खाली संदेश आला होता. तुम्हीच क्लिअर दाबून पुसलात."